कुंपण बघायला

पहिली गाडी आली तेव्हा आम्ही तंबाखू तोडत होतो. ऑगस्ट संपत आला होता. वारा पडला होता आणि टर्कीपेन ओढ्याच्या त्या अरुंद खोऱ्यात हवा ओल्या गोणपाटासारखी अंगावर बसली होती. माझा सासरा हार्लिस स्टिडम पुढे बुंधे तोडत होता आणि मी मागून ते काठीवर ओवत होतो. काठीच्या टोकाला लोखंडी टोपण बसवलेलं असतं, भाल्यासारखं. बुंधा त्यावर दाबून चिरायचा आणि खाली सरकवायचा. हात चुकला तर टोक तळव्यातून आरपार जातं. तंबाखूचा चीक हातावर काळा होऊन बसतो, कुठल्या साबणाला दाद देत नाही. घाम पुसताना तो माझ्या पापण्यांना लागला होता आणि डोळे चरचरत होते.

गाडी लाल होती, नवी होती, आमच्या जिल्ह्याची नव्हती. आत दोघं होते. काच खाली केलेली आणि आत टेपवर बाईचा आवाज लागलेला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. तो माझ्या मेहुणीचा, नोव्हेलाचा होता.

"काका, हितं ते वाकलेलं मेपल कुठं आहे?" गाडी चालवणाऱ्यानं विचारलं. हसू अगदी गोड.

हार्लिसनं मान वर केली नाही. "मेपलबिगर दुसरं काय हाय ह्या डोंगरात? उभी हायती, वाकलेली हायती, पडलेली बी हायती. कंचं पायजे तुला?"

"गंधकाच्या झऱ्यापाशी आहे ते."

म्हाताऱ्याचा कोयता थांबला. टेप चालूच होती.

*ओढा धरून चढत जा, वाकल्या मेपलपाशी थांब,*
*गंधकझऱ्याच्या डाव्या हाता, बाची वाट लांब.*

"फुडं रस्ता न्हाई," हार्लिस म्हणाला. "गाडी वळवा."

ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. गाडी मागे घेताना त्यांनी आमच्या तंबाखूची कडेची ओळ चिरडली. हार्लिस त्या चिरडलेल्या पानांकडे बघत राहिला.

"ह्ये गाणं कवापास्नं वाजतंय?"

"उन्हाळ्यापासून. दुकानात रोज लागतं. सगळ्या देशात लागतं म्हणे."

"आन् तू ऐकलंस?"

"ऐकलं की. पण त्यातली जागा मला कशी कळणार? मला कुणी दाखवली आहे?"

हे मी मुद्दाम म्हणालो. म्हाताऱ्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा बुंधा तोडला.

ती जागा म्हणजे सँगची जागा. जिनसेंग म्हणजे औषधी मूळ, व्यापारी त्याला सोन्यासारखा भाव देतात; आमच्याकडे सगळे त्याला सँगच म्हणतात. डोंगराच्या सावलीच्या बाजूला, जुन्या झाडांखाली ते उगवतं, आणि काढण्याजोगं व्हायला लेकरू शाळेत जायच्या वयाचं व्हावं तेवढी वर्षं घेतं. ज्याला जागा सापडली त्यानं ती मरेपर्यंत जपायची. मूळ खणलं की त्याच खड्ड्यात त्याची लाल फळं पुरायची. चोरांना दिसू नये म्हणून उन्हाळ्यात झाडाचा शेंडा खुडून टाकायचा. आणि जागा दाखवायची ती रक्ताच्या एकाच माणसाला. माझ्या बायकोला, इमोजीनला (म्हातारा तिला जीन म्हणायचा), ती दाखवली नाही, कारण तिनं लवकर लग्न केलं आणि मग ती गोष्ट माझ्या कानात आली असती. मी त्या घरात राहिलो, त्यांची तंबाखू टांगली, त्यांच्या गाईंची बाळंतपणं केली, सासूच्या शवपेटीला खांदा दिला. पण सप्टेंबरात म्हातारा आखूड दांड्याची कुदळ कोटाखाली लपवून निघाला आणि मी विचारलं, की उत्तर एकच. "कुंपण बघाया चाललो, जावई." आमच्याकडे वरच्या अंगाला कुंपणच नव्हतं.

नोव्हेलाला मात्र त्यानं ती जागा दाखवली. तिला तो सगळं दाखवायचा.

आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. एक माणूस ओळ सांगतो आणि बाकीचे ती लांबवून, वळणं घेत म्हणतात. ओळ सांगणारा हार्लिस होता. नोव्हेला लहानपणी त्याच्या मांडीला टेकून उभी राहायची आणि त्यानं टाकलेली ओळ सगळ्यांच्या आधी उचलायची. दरीत दोन पाखरांनी एकमेकांना साद द्यावी तसं ते वाटे. पुढे खाणीत बोटं गमावलेल्या एका शेजाऱ्यानं तिला त्याची गिटार देऊन टाकली. घरात ती वाजवायला बंदी होती, म्हणून ती तंबाखूच्या कोठारात, वर टांगलेल्या पानांखाली बसून वाजवायची. पहिलं गाणं तिनं रचलं ते खेचरानं पाद्रीबुवांना लाथ मारली त्याचं. हार्लिस ते ऐकून कोठाराबाहेर तोंड दाबून हसला आणि आत जाऊन तिला रागावला.

मग जत्रेत गाणं, मग तालुक्याच्या रेडिओवर दर शनिवारी, आणि एक दिवस पोरगी बसमध्ये बसून नॅशव्हिलला, गाण्यांच्या बाजाराच्या शहरात, गेली. तिथे ती बिअरच्या गुत्त्यात फरशी पुसायची आणि फरशी पुसून झाली की त्याच लोकांपुढे गायची. ते मारामारी करायचे आणि ती दुःखाची गाणी म्हणायची. दुसऱ्यांची ऐकून ऐकून रचलेली ती गाणी कुणी घेईना. आईच्या मयताला आली तेव्हा तिच्या गालाची हाडं वर आली होती. शेवटी गाण्यांच्या धंद्यातला एक माणूस तिला म्हणाला, "बाई, हे सगळं मी आधी ऐकलंय. तुझा बाप काय करतो, ते सांग." ती खोलीवर जाऊन रडली आणि एका बैठकीत तिनं 'बाची वाट' रचलं. हे तिनंच आम्हाला सांगितलं. तिला बापाची आठवण येत होती, आणि आठवणीत ती त्याच्या मागून चालत होती. वाटेत जे जे लागलं ते ते गाण्यात आलं. जागा कुणाला सांगायची नाही ही शपथ तिनं पाळली होती. सांगितली नाही, गायली.

तंबाखू कोठारात टांगून झाली आणि हार्लिस कुदळ घेऊन निघाला. दुपारच्या आत परत आला. ओट्यावर बसला, बूट काढले नाहीत. इमोजीननं मक्याची भाकर आणि घेवडा पुढे ठेवला, तो तसाच राहिला.

"काय झालं, बा?"

"डुकरांनी उकरावं तसं उकरलंय." त्यानं खिशातून एक मूळ काढलं, करंगळीच्या नखाएवढं. "ह्ये बी सोडलं न्हाई. काढलं आन् टाकून दिलं. आन् फळं तुडवली. एक बी पुरलं न्हाई, जीन. माझ्या बानं लावलेली जागा ती."

तक्रार तरी कुणाकडे करायची? तो डोंगर कागदावर आमचा नव्हताच. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तिथे खणत होतो एवढंच.

त्यानं नॅशव्हिलला फोन लावायला सांगितलं. फोन त्याच्या हातात कायम मेलेल्या सशासारखा लांब धरलेला असे, त्यामुळे पलीकडचं आम्हालाही ऐकू यायचं.

"खरं कशाला घातलंस गं?"

 पलीकडून तिचा आवाज, शहरी झालेला. "बा, मला माफ कर. मला काय माहीत लोक शोधत येतील? पण गाणं खरंच असावं लागतं. खोटं गाणं लोकांना लगेच कळतं."

"देवानं डोस्कं दिलंय न्हवं? काय तरी रचायचं हुतं."

त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेला. ती रडत होती. मी तिला काय सांगणार? मी म्हणालो, पाऊस चांगला झालाय.

त्यानंतर गाड्या थांबल्या नाहीत. दर सप्टेंबरला यायच्या. रिकाम्या जागेभोवतीच लोक चरायचे, ओढ्याकाठी डबे फेकायचे, आमच्या कोंबड्या न्यायचे. एकदा सकाळी उठलो तर ओट्यासमोर कुणीतरी चूल पेटवून गेलेलं, आणि आमचा कुत्रा भुंकला कसा नाही म्हणून बघायला गेलो तर तो गोठ्यामागे ताठ होऊन पडला होता. तोंडाला फेस. इमोजीन तेव्हापासून दाराला आडणा घालायला लागली. आमच्या खोऱ्यात दाराला आडणा हे मी त्याआधी बघितलं नव्हतं.

हार्लिस वाळत चालला. चर्चमध्ये ओळ सांगताना त्याला मध्येच दम लागायचा. तरी वसंतात, उन्हाळ्यात, केव्हाही उठून निघायचा, आता कुदळीऐवजी जुनी बंदूक घेऊन. "कुंपण बघाया." परत यायचा तेव्हा बुटांना पिवळी माती असायची आणि ते बूट इमोजीन बडबडत धुवायची. "आता काय राखतोय हा? राखायला उरलंय काय?" मला वाटायचं, सवय आहे, पाय ऐकत नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर मात्र एखाद्या दिवशी काहीतरी लबाड असायचं, पोरानं खिशात बेडूक लपवलेला असावा तसं. मी खूश व्हायचो. म्हाताऱ्याला एवढं तरी सुख आहे म्हणायचो.

चौथ्या वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्याच्या जत्रेनं नोव्हेलाला गायला बोलावलं. ती घरी आली तेव्हा आम्ही ओट्यावर घेवड्याच्या शिरा काढत बसलो होतो. तिची मोठी बस ओढ्याच्या तोंडाशीच अडकली आणि ती भारीतले बूट हातात धरून, अनवाणी, चिखलातून चालत आली. ते बघून हार्लिसच्या ओठाची कड हलली.  तिनं त्याच्या शेजारी बसून टोपलीतल्या शेंगा घेतल्या. बोटं अजून सराईत होती.

"बा, तब्येत कशी आहे?"

"हाय."

"जत्रेला येशील ऐकायला?"

"गिटार वाजती तितं." जरा थांबून तो म्हणाला, "तुज्याशी बोलायचं हाय. पर आता न्हाई. पानं पिवळी झाल्यावर. तवर ऱ्हाशील?"

"राहीन की. कशाबद्दल?"

"ऱ्हा, मंग सांगतो." आणि तो उठून गेला.

नोव्हेला त्याच्या पाठीकडे बघत राहिली. सदऱ्यातून मणके दिसत होते. "हा मला कधी माफ करणार नाही," ती म्हणाली.

"राग न्हाई गं त्याला," इमोजीन म्हणाली. "भ्या वाटतं त्याला. रोज लोक येत्यात. कालपास्नं दोघं ओढ्याला तळ देऊन बसल्यात, ती लाल गाडीवाली. आपल्याच घरात आपुन दार लावून बसतो."

नोव्हेलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती हसली, लहानपणी कोठारातून बाहेर यायची तशी. "मी आणलं ना त्यांना? मीच घालवते. गाण्याच्या मागे येतात ना, मग गाणं फिरवते. खोटं रचते. बाच म्हणाला होता, रच काहीतरी."

"कुठं धाडशील?" मी विचारलं.

"पलीकडच्या अंगाला, पडक्या खाणीकडे. तिथं काटे नि साप. आजवर सँगचं पान कुणाला दिसलं आहे तिथं? हिंडू देत उन्हात. दोन हंगाम हात हलवत गेले की नाव सोडतील या ओढ्याचं."

आम्हाला ते फार आवडलं. इमोजीन इतकी हसली की टोपली सांडली. बाला आत्ताच सांगायचं नाही, गाड्या गेल्या की सांगू, असं दोघी बहिणींनी ठरवलं.

जत्रेत माणूस मावत नव्हता. गुरांच्या गोठ्याचा वास, तळणाचा वास, आणि पश्चिमेला जांभळं झालेलं आभाळ. नोव्हेला मंचावर आली आणि म्हणाली, "हे गाणं मी पूर्वी घाईत रचलं होतं. आज बरोबर म्हणते."

*ओढा ओलांडून पल्याड जा, फुटल्या कड्यापाशी थांब,*
*पडक्या खाणीच्या उजव्या हाता, बाची वाट लांब.*

लोकांनी टाळ्या पिटल्या. लाल गाडीवाले दोघं कुंपणाच्या काठीवर बसून काहीतरी चघळत होते. दुसरी ओळ ऐकली आणि त्यांचे जबडे थांबले. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. मी इमोजीनला ते दाखवलं आणि आम्ही दोघं गालात हसलो. आभाळ गडगडलं, पण पाऊस आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं ओढ्यावरून उठत नव्हतं. मी कोठारात टांगलेली पानं चाचपून बघत होतो. अशा दमट हवेत ती आतून सडतात, वारा लागायला भिंतीच्या फळ्या उघडाव्या लागतात. तिन्ही फळ्या उघडल्या तेव्हा बार ऐकू आला. पल्याडच्या डोंगरावरून. मग दुसरा, जरा वेगळ्या आवाजाचा. कावळे उठले.

नोव्हेला ओट्यावर कॉफी घेऊन आली होती. "गेले बघ तिकडे!" ती म्हणाली. "काही मिळालं नाही म्हणून खारी मारत असतील."

इमोजीन दारात आली. हात पिठानं भरलेले. "बा कुठं हाय?"

आणि मग तीच आठवून म्हणाली,

"पहाटं उठला. म्हनला, कुंपण बघाया जातो."

बंदुकीची खुंटी रिकामी होती.

आम्ही ओढा ओलांडला. नोव्हेला सगळ्यांच्या पुढे, अनवाणीच. चढावर काटेच काटे होते, तिच्या पोटऱ्या फाटल्या. वर पडक्या खाणीचं तोंड आलं, त्यात अर्धं पाणी. तिथून उजवीकडे एक घळ उतरते. मी जन्मभर या डोंगरात राहिलो, पण त्या घळीत कधी उतरलो नव्हतो. खाली पिवळी माती होती, दाट सावली होती, थंड ओल होती. आणि सगळीकडे सँग. कोवळं, तीन-तीन पानांचं, कुणीतरी हातानं ओळीनं लावलेलं, मध्ये एखादंच जुनं, लाल फळं धरलेलं. मधली एक पट्टी ताजी उकरलेली होती आणि काडीएवढी मुळं वर पडली होती. कुणालाच काही उपयोग नाही अशी.

हार्लिस एका झाडाला टेकून बसला होता. दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं होतं. मांडीखालची पिवळी माती काळी झाली होती. माणसं पळाली होती.

मी सदरा काढून त्याच्या पोटावर दाबला. तो गरम ओला झाला, लगेच. हार्लिसचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो नोव्हेलाकडे बघत होता. रागानं नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"कुणी दावलं गं तुला?"

"काय, बा? बोलू नकोस."

"त्यो गाडीवाला म्हनला, गाण्यात हाय. तुज्याच पोरीच्या गाण्यात." त्यानं दम घेतला. "मी तर कुणालाच न्हवती दावली. जीनला न्हाई. ह्याला बी न्हाई. उरलेली फळं हितं आणून पुरली. म्हनलं, पानं पिवळी झाली की नोव्हीला दावू, तिला बरं वाटंल... कुणी दावलं?"

"कुणी न्हाई, बा." तिचा सगळा शहरी आवाज गळून पडला होता. "म्या रचलं. आईच्यान सांगते, नुसतं रचलं म्या!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, लहान पोराची थाप पकडावी तशी.

"गाणं खोटं नसतं म्हनली हुतीस तू."

  इमोजीन चढावर पोहोचली होती आणि खाली बघून किंचाळत होती. हार्लिसनं पोटावरचा एक हात काढला. मूठ घट्ट होती. ती त्यानं माझ्याकडे केली, नोव्हेलाकडे नाही. मी त्याची बोटं उघडली. आत लाल फळं होती, थोडी चेंगरलेली.

"लाव," तो म्हणाला. "जावई."

त्याला पाठीवर घेऊन मी उतरलो. इतका हलका लागला की मला त्याचाच राग आला. ओढ्यापर्यंत त्याचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. पाणी ओलांडल्यावर लागला नाही.

ते दोघं पुढे सापडले, त्यांना शिक्षाही झाली. त्यानं काय होतं? पुरायच्या दिवशी चर्चमध्ये दुसऱ्या म्हाताऱ्यानं ओळ टाकली. सगळ्यांनी उचलली. नोव्हेला पहिल्या बाकावर होती. तिचं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि आवाज आला नाही. सगळ्या ओळी संपेपर्यंत ती तशीच उभी होती. इमोजीननं तिचा हात धरला नाही.

नोव्हेला पानं पिवळी होईपर्यंत राहिली. बापाला तसं म्हणाली होती ना. बस परत पाठवून दिली, गिटार कोठारात टांगली, आणि रोज माझ्याबरोबर तंबाखूची पानं उतरवायला यायची.  गाड्या यायच्या थांबल्या होत्या. एका संध्याकाळी मी वरून आलो, तेव्हा ती ओट्यावर बसली होती. माझे बूट बघितले. मी ते ओढ्यात धुऊन आलो होतो.

"टॅल," ती हळूच म्हणाली. "बानं दिलेली फळं कुठं लावलीस रं?"

मी तिच्याकडे बघितलं. केस बांधलेले नव्हते, पोटऱ्यांवरचे व्रण अजून लाल होते. तिच्याइतकं त्या म्हाताऱ्यावर कुणी प्रेम केलं नाही, हे मला माहीत होतं. मला तिची फार दया आली.

"कसली फळं?" मी म्हणालो आणि कुदळ कोटाखाली सारली. "मी कुंपण बघायला गेलो होतो."